रोजचं एक ताजं भांडण

माझी आत्या रोज एक भांडण करते, आणि ते झालं नाही तर तिला दिवस सुना जातो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. मन प्रसन्न ठेवायचे उपाय हल्ली जिकडेतिकडे चिकटवलेले असतात, खोल श्वास घ्या, आरशासमोर उभं राहून स्वतःला शाबासकी द्या, वगैरे. आत्या ते वाचते आणि म्हणते, "आरशाला काय, तो कुणालाही हो म्हणतो." तिच्या स्वतःच्या सवयी वेगळ्या आहेत आणि त्या टिकवण्यासाठी तिला सगळ्या घराशी झुंजावं लागलं. आधी तिची ओळख करून देते, मग ती झुंज सांगते.

बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत एका जिन्याखाली तिचा गाळा आहे. बॅगा दुरुस्तीचा. आजोबांनी तो सुरू केला आणि त्यांच्यामागे आत्याने चालवला. माझ्या बाबांना त्यात कधीच रस नव्हता, ते छापखान्यात मशीनवर लागले. आत्याने लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणते, "विचार करणार होते, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं." तुटलेला पट्टा, निखळलेलं चाक, अडकलेली दांडी, सगळं ती करते, पण निम्मी माणसं येतात ती चेन बिघडली म्हणून. गल्लीत तिचं नावच चेनबाई आहे. माणसं धापा टाकत येतात, बस सुटायला आलेली असते, बॅगेतून कपडे बाहेर डोकावत असतात. आत्या शांतपणे विचारते, "कोंबलं किती होतं?" मग पकड घेते, चेनीचा ढिला पडलेला रनर दोन्ही बाजूंनी दाबते, दातांवरून मेणाचा तुकडा फिरवते आणि चेन सरकन लागते. गिऱ्हाईक आभार मानतं. आत्या म्हणते, "आभार नकोत, पुढच्या वेळी कमी भरा."

तिच्या सवयी साध्या. उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, स्वतःचं अंथरूण स्वतः आवरायचं. दुकानात चालत जायचं आणि तेही लांबच्या रस्त्याने. दुपारी गाळ्याच्या पायरीवर चपला काढून उन्हात बसायचं, त्या वेळी कुणीही आलं तरी बॅग हातात घ्यायची नाही. ज्याला आपण ओळखत नाही अशा कुणाशी तरी दोन शब्द बोलायचे. आणि एक भांडण. भांडणाचे तिचे कडक नियम आहेत. समोरचा पेलणारा पाहिजे, रडूबाई चालणार नाही. विषय आजचा पाहिजे, शिळं उकरायचं नाही. कुणाच्या आईबापावर जायचं नाही. आणि संध्याकाळी शटर ओढेपर्यंत ते मिटलं पाहिजे.

या कामासाठी तिला त्या चिंचोळ्या गल्लीत समोरच्याच गाळ्यातले घड्याळवाले अगदी लाखात एक मिळाले होते. डोळ्याला भिंग लावून बसलेला तो किडकिडीत माणूस दिसायला गरीब, पण जिभेला सुरीची धार. त्यांचा रेडिओ मोठा आहे, हिची हातोडी मोठ्याने वाजते, यांनी पाणी शिंपडलं ते हिच्या पायरीवर आलं, हिचा बोर्ड यांच्या बाजूला झुकलाय. कितीतरी वर्षं हे चाललं होतं. संध्याकाळी दोघं एकाच किटलीतला चहा पिऊन घरी जायचे.

मग एका सकाळी आत्या पलंगाच्या कडेवर बसली, एका पायात चप्पल घातली आणि दुसरी घालायची राहिली. बाबा तिला हाक मारायला गेले तेव्हा ती तशीच बसलेली होती. तिने त्यांच्याकडे बघितलं, पण बघितलं म्हणायचं इतकंच. बाबांनी वाकून तिच्या पायातली चप्पल काढली आणि तिला आडवं केलं. त्यानंतर ती बरेच दिवस उठली नाही.

का, ते विचारू नका. नात्यातल्या प्रत्येकाने विचारलं आणि प्रत्येकाला उत्तर आधीच ठाऊक होतं. लग्न नाही ना केलं. बायकांनी हातोडी धरली की असंच होतं. कुणाची तरी दृष्ट लागली म्हणणारेही निघाले. मला या लोकांचा असा संताप यायचा की दारातच उभं राहून एकेकाला खडसावावंसं वाटायचं. ताप येतो तेव्हा कुणी माणसाला त्याची कुंडली विचारत नाही. डॉक्टरीणबाईंनी मात्र विचारलं ते कामाचं विचारलं, गोळ्या दिल्या आणि गोळ्यांनी काम केलं. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे गोळ्यांना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. आत्या हळूहळू जेवायला लागली, अंघोळ करायला लागली, खिडकीपाशी बसायला लागली. निघताना बाई म्हणाल्या होत्या, "सध्या त्यांना ताण देऊ नका." त्यांचं एवढं वाक्य बाबांनी गाठीला बांधून घरी आणलं, आणि तिथून आमचं घर बिघडलं.

बाबांनी आम्हाला, म्हणजे आईला आणि मला, स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं. "आजपासून या घरात तिला कुणी 'नाही' म्हणायचं नाही," ते म्हणाले. "ती म्हणेल ते हो. ती म्हणेल ते बरोबर. कळलं?"

आता हे कोण सांगत होतं? या भावाबहिणीचं लहानपणापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. हिने उजवीकडे म्हटलं की तो डावीकडे जाणार. पंखा किती जोरात हवा यावरून त्यांनी एकमेकांशी दोन-दोन दिवस अबोला धरलेला मी पाहिलाय. ते बाबा आता मान डोलावणाऱ्या बाहुलीसारखे झाले. आत्या म्हणाली भाजीत मीठ कमी आहे, हो गं, कमीच आहे. थोड्या वेळाने म्हणाली खारट झाली आहे, हो गं, जरा खारटच आहे. तिच्या हातातला कप बाबा काढून घ्यायचे, कशाला उठतेस म्हणून. तिचं अंथरूण आई आवरायची. तिची आरी, दोरे, पकडी, सगळं नजरेआड केलेलं. माझंही काही वेगळं नव्हतं, मीही हो हो करत होते.

आत्या आजारी होती, पण बावळट नव्हती. एका बुधवारी सकाळी चहा पिता पिता तिने आमच्याकडे एकेक करून बघितलं आणि म्हणाली, "आज रविवार ना?"

बाबांनी तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला. "हो," ते म्हणाले. "रविवारच."

आता रविवार म्हटल्यावर छापखान्यात जाणार कसे? बाबा बनियनवर घरात येरझाऱ्या घालू लागले. मला चष्म्याच्या दुकानात कामाला जायचं होतं, मी डबा ओढणीखाली लपवला आणि भाजी आणायला जाते म्हणून सटकले. जिन्यात बघते तर बाबा. मागच्या दाराने निघाले होते आणि पायऱ्या उतरता उतरता शर्टात हात घालत होते. आम्ही दोघं एकमेकांशी न बोलता पळालो. मी वळून वर पाहिलं. आत्या खिडकीत उभी होती आणि बससाठी धावणाऱ्या आपल्या भावाकडे एकटक बघत होती.

संध्याकाळी तिने विचारलं, "दादा, रविवार कसा गेला?"

"छान," बाबा म्हणाले. "जरा आराम झाला."

त्यांच्या नखांत छापखान्याची काळी शाई होती. आत्याने त्या नखांकडे पाहिलं, मान हलवली आणि उठून आत गेली. मला त्या वेळी फार वाईट वाटलं. आजारात ती आमच्यापासून लांब गेली होती, ते आमच्या हातात नव्हतं. पण आता ती परत येत होती आणि आम्हीच तिच्या तोंडावर दार लावून घेत होतो.

दुसऱ्या दिवसापासून घरात चोऱ्या सुरू झाल्या. आई अंघोळीला गेली की आत्या सगळे कप धुऊन टाकायची. पहाटे कुणी उठायच्या आत स्वतःचं अंथरूण घडी घालून ठेवायची, आणि आई ते आवरायला आली की पलंगावर आरामात बसून तिच्याकडे बघायची. माझ्या कामाच्या पिशवीचा उसवलेला बंद एका दुपारी शिवून झाला. घरातली साधी सुई आणि साधा दोरा, पण टाका तिचाच, पक्का. मी विचारलं, "आत्या, हा तू शिवलास?" ती म्हणाली, "छे, मी कशाला? मला आराम करायचाय ना." तिच्या तोंडावर हसू नव्हतं, पण डोळ्यांत काहीतरी चमकत होतं. ते मी खूप दिवसांनी पाहत होते.

पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंकडे मी बरोबर गेले. त्यांनी विचारलं, "दिवस कसा घालवता?"

"मी नाही घालवत," आत्या म्हणाली. "घरचेच घालवतात. मी बसलेली असते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग जरा वेळ आत्याशीच बोलत राहिल्या. काय आवडतं, काय करावंसं वाटतं, किती जमेल. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, पण हाताला काम हवं, चालणं हवं, ऊन हवं, माणसं हवीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी घरी येऊन बाबांना शब्द न् शब्द ऐकवला. बाबा म्हणाले, "हो हो." तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांची ती खोडच झाली आहे. ते आता भाजीवाल्यालाही हो हो म्हणत होते.

आणि एक गोष्ट मला कळली होती, ती आत्याला ठाऊक नव्हती. बाबांनी गाळा देऊन टाकला होता. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसाला. महिना संपला की कागद करायचे होते, तोवर किल्ली त्याच्याकडे दिली होती. आत्याची हत्यारं पोत्यात भरून गाळ्यावरच्या जिन्याच्या कोपऱ्यात टाकली होती. बाबांनी मला शपथ घातली होती, तिला कळू देऊ नकोस म्हणून.

रविवारी, खऱ्याखुऱ्या रविवारी, आम्ही जेवायला बसलो होतो. आत्या म्हणाली, "उद्या मी दुकान उघडणार."

"हो हो, उघड की," बाबा म्हणाले. "छान वाटेल."

"मी डबा देईन," आई म्हणाली.

मी बाबांकडे पाहिलं. ते पोळीचा तुकडा मोडत होते आणि मोडतच राहिले होते. उद्या सकाळी ते म्हणणार होते, आज ऊन फार आहे, परवा जा. परवा म्हणणार होते, गल्लीत खोदकाम चालू आहे. महिना संपेपर्यंत असंच. आणि आत्या ते बघत राहणार होती.

"नाही," मी म्हणाले.

बाबांनी डोळे वटारले. मी थांबले नाही. "आत्या, तू उद्या दुकान उघडू शकत नाहीस. बाबांनी गाळा कव्हरवाल्याला द्यायचं ठरवलंय. किल्ली त्याच्याकडे आहे. तुझी हत्यारं पोत्यात भरलीत. आणि त्या दिवशी बुधवार होता."

"बुधवारचं ठाऊक होतं," आत्या सावकाश म्हणाली. "गाळ्याचं नव्हतं." मग ती बाबांकडे वळली. "खरं?"

"हो," बाबा म्हणाले. इतक्या दिवसांतलं त्यांचं ते पहिलं खरं 'हो' होतं.

मग आमच्या घरात जे झालं त्याला भांडणच म्हणतात. आत्या उठून उभी राहिली. तिचा आवाज आधी चिरकला, मग मोकळा झाला. "कुणाला विचारून? बापाचा गाळा म्हणजे तुझा एकट्याचा बाप? तुला साधं बक्कल बदलता येत नाही आणि तू दुकान देतोस?"

"तुला विचारणार होतो का?" बाबा ओरडले. ओरडले! आईने घाबरून पदर तोंडाला लावला. "तुला तेव्हा पाणी हवं का हेही सांगता येत नव्हतं! मी चप्पल काढली तुझ्या पायातली. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मला ओळखत नव्हतीस. मी ते कसं विसरू? परत तसं झालं तर? त्या गल्लीत, लोकांसमोर, एकटी असताना?"

"होईल! होऊ दे!" आत्या म्हणाली. "होणार नाही असं मी काय लिहून देऊ? पण मला घरात कोंडलंस म्हणून ते येणार नाही, असं तुला कुणी सांगितलं? इथे तर ते दिवसभर माझ्या उशाशी बसून असतं. त्याला आयता चहा मिळतो, मऊ गादी मिळते, कुणी त्याला नाही म्हणत नाही. दादा, तुम्ही माझी सेवा नाही करत. त्याची बडदास्त ठेवताय."

बाबा ताटावरच रडायला लागले. "मला भीती वाटते गं," ते म्हणाले.

"मलाही वाटते," आत्या म्हणाली. "म्हणून तर जायचंय."

सोमवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. आत्याने लांबचा रस्ता धरला. मध्ये दोनदा ती दम घ्यायला थांबली आणि बाबांनी तिचा हात धरायला हात पुढे केला, तो तिने झटकला. गाळ्याच्या दारात रंगीबेरंगी कव्हरं लटकत होती. कव्हरवाला बिचारा सज्जन माणूस, नमस्कार करून उभा राहिला. बाबा मला हळूच म्हणाले, "तू बोल."

"ती का बोलेल?" आत्या म्हणाली. "तू दिलास, तू मागून घे."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कितीतरी वेळ ते कव्हरवाल्याशी हवापाण्याचंच बोलले. शेवटी डोळे मिटून म्हणाले, "नाही जमणार हो. गाळा माझ्या बहिणीचा आहे." कव्हरवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या, दिलेला शब्द वगैरे काढला, आणि त्याचंही काही चुकीचं नव्हतं. आत्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं की दुसरी जागा मिळेपर्यंत दाराची एक बाजू त्याची. पण कव्हरं तिच्या डोक्याला लागता कामा नयेत.

पोतं उघडलं तर आरीला गंज चढलेला, मेणदोऱ्याचा गुंता झालेला. तेवढ्यात समोरून घड्याळवाले आले. हात जोडून, मान तिरकी करून, अगदी साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाले, "आलात? बरं झालं. आता दगदग करू नका हं. तब्येतीला जपा."

आत्याचा चेहरा पडला. सगळ्या घराशी भांडून ती इथवर आली होती आणि इथेही तेच. मी मनातल्या मनात घड्याळवाल्यांना शिव्या घातल्या.

"तुमच्या भिंतीवरची घड्याळं," आत्या म्हणाली, "एक दहा वाजले दाखवतं, दुसरं साडेबारा. गिऱ्हाइकाने कुठलं खरं धरायचं?"

घड्याळवाल्यांनी खिशातून फडका काढला, भिंग पुसलं, परत पुसलं. बाबांनी त्यांना डोळ्यांनी खुणावलं की हो म्हणा, हो म्हणा.

"ती दुरुस्तीला आलेली आहेत," घड्याळवाले एकदम म्हणाले. "दुरुस्तीला आलेलं घड्याळ बरोबर वेळ दाखवत असतं तर लोक ते माझ्याकडे कशाला घेऊन आले असते? एवढी साधी अक्कल नाही? आणि आधी तो तुमचा बोर्ड सरळ करा. तुम्ही नव्हतात तर निम्मा माझ्या दारात आलाय!"

"मग सरळ करायचा होता!"

"मी का करू? माझा आहे?"

आत्या कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि जी सुटली, की कव्हरवाला दोन पावलं मागे सरकला. मला भर गल्लीत रडू फुटलं. घड्याळवाल्यांचे डोळेही ओले होते, पण तोंड चालूच होतं.

इथे सगळं छान झालं असं सांगून उठता आलं असतं. पण आत्याला खोटं खपत नाही. त्यानंतर चांगले दिवस आले तसे वाईटही आले. परवाच्या सकाळी ती पलंगाच्या कडेवर तशीच बसली होती. अंथरूण तसंच. गोळी घेतली होती, पण हात मांडीवर सांडल्यासारखे पडले होते.

"दादा, आज नको," ती म्हणाली. "आज मला नाही जमणार."

मी दारात होते. बाबांचे ओठ 'हो' म्हणायला उघडलेले मी स्वतः पाहिले.

"नाही," बाबा म्हणाले. "काम करू नकोस. पण ऊठ. गोधडीचं ते टोक धर, हे मी धरतो. आणि खाली चल."

"तू कोण रे मला सांगणारा?"

"तुझा भाऊ. ऊठ."

त्यांनी मिळून अंथरूण आवरलं. जिना उतरताना ती त्यांना नाही नाही ते बोलत होती, आणि बाबाही काही कमी नव्हते. शेजारच्यांनी दारं उघडून पाहिलं. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे जायचं त्यांनी रस्त्यातच ठरवलं, आणि किती वाजता यावरूनही भांडले.

दुपारी मी डबा घेऊन गेले. शटर अर्धंच वर होतं. आत्या पायरीवर चपला काढून उन्हात बसली होती. सकाळपासून तिने एकाही बॅगेला हात लावला नव्हता, गिऱ्हाइकं परत पाठवली होती.

"आता बरं वाटतंय?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही." मग तिने डब्याचं झाकण काढलं. "पण दादा भांडला माझ्याशी. म्हणजे मी त्याला दिसतेय अजून."